गरमसूरच्या डोंगरातले चार चौकोन

दरवर्षी ऑगस्टमध्ये मी बारावीच्या वर्गाला 'वनस्पती समुदाय' शिकवते. फळ्यावर वर्धा जिल्ह्यातल्या एका डोंगराचं चित्र काढते आणि त्यावर पाच पट्टे आखते. माथ्यावर सालई-मोवई, उतारावर साग-धावडा, त्याखाली साग-बांबू, पायथ्याला ऐन-मोह आणि गावाच्या कडेला पळस-बोर. हे पाच गट मी स्वतः शोधलेत, असं पोरांना ऐटीत सांगते. यंदा पाच पट्टे आखून झाले आणि माझा हात थांबलाच नाही. त्यानं सहावा पट्टाही आखला. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सहाव्याचं नाव?" मी पट्टा पुसला आणि "चुकून आखला गेला" म्हणाले.

चुकून वगैरे काही नव्हतं. त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं की दिवाळीनंतर मी वर्ध्याला जातेय, एकटी. तो म्हणाला, "कोणाचं लग्न आहे?" नाशिकहून आमच्या विदर्भात माणूस लग्न नसताना जातो, हे त्याला अजून पटलेलं नाही.

आधी गोष्ट सांगते, म्हणजे पुढचा प्रवास कळेल. चोवीस वर्षांपूर्वी एम.एस्सी.ला असताना मी आणि मंगला, दोघींना मिळून एकच प्रकल्प होता: गरमसूरच्या डोंगरातलं पानगळीचं जंगल बघायचं आणि त्यात कोणकोणती झाडं एकमेकांच्या सोबतीनं राहतात याचे गट पाडायचे. मंगला हिंगणघाटजवळच्या शेतकऱ्याची मुलगी, मी वर्ध्याची, नालवाडीची. पद्धत साधी होती. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असा चौकोन दोरीनं आखायचा, त्यातल्या प्रत्येक झाडाचं नाव आणि छातीच्या उंचीवरचा घेर लिहायचा. असे चाळीस चौकोन. मग सारं आलेखाच्या कागदावर मांडायचं आणि कोणते चौकोन एकमेकांसारखे आहेत ते शोधत बसायचं. मंगला नावं ओरडायची, मी लिहायची. एकतीस ते चौतीस हे चार चौकोन एका उत्तरेकडे तोंड असलेल्या खोऱ्यात होते. आम्ही तिथे एप्रिलात पोचलो, तेव्हा झाडांवर पान नव्हतं आणि वणव्यानं खालचं सगळं काळं झालेलं. मी बुंधे बघून सारं साग-धावड्यात टाकलं. मंगलानं काडीनं जमीन उकरली, आतून एक गड्डा काढला, मोडला आणि माझ्या नाकाशी धरला. हळदीसारखा वास होता. ती म्हणाली, "हे वेगळं जंगल हाये वं. पावसाळ्यात येऊन पाहू, मंग लिवू."

पावसाळ्यापर्यंत थांबायला मला वेळ कुठे होता? मे महिन्यात माझं लग्न होतं. प्रकल्पाचे सर म्हणाले, "तुम्ही दोघी मिळून ठरवा." आम्ही मिळून काही ठरवलं नाही. अहवालाची शेवटची प्रत माझ्या हातात होती. मी पाच गट लिहिले आणि गड्ड्यांबद्दलची तिची ओळ गाळली. तिनं वाचलं आणि सही केली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही आणि लग्नालाही आली नाही. तिला हिंगणघाटात एका कापड दुकानदाराच्या घरी दिलं, एवढंच पुढे कानावर आलं. मला मात्र त्या अहवालावर नोकरी लागली.

तर हे माझं कारण. पानं असताना ते चार चौकोन एकदा बघायचे आणि मी तिचं खरं दडवलं की काय ते समजून घ्यायचं.

पहिला दिवस: नालवाडी

गाडीतून सकाळी वर्ध्याला उतरले. हवेत थंडीची नुसती चाहूल होती. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय घरी जायचं नाही, हा माझा जुना नेम. पोहे साधेच, वर हरभऱ्याची लाल तर्री, चिरलेला कांदा. नाशकात मी कितीही वेळा करून पाहिले तरी ते जमत नाहीत.

नालवाडीत भावाचं घर आहे. वहिनीनं दारातच विचारलं, "कितीक दिवस हाये?" मी म्हटलं, आजचाच, उद्या कारंजाला जाते. "मंग आल्या काऊन?" असं म्हणत तिनं माझी पिशवी आत नेली. दुपारी भरलेली वांगी, ज्वारीची भाकर आणि जेवण झाल्यावर गोरसपाक. आमच्या वर्ध्याचं हे बिस्किट परगावच्या कुणाला सांगितलं तर ते नुसती मान हलवतात, खाल्लं की डबा मागतात.

संध्याकाळी गच्चीवर बसले. आमच्या लहानपणी तिथून शेतं दिसायची. आता सिंदी मेघेपर्यंत घरंच घरं दिसतात. वहिनी कपडे काढत होती. "कोन्या झाडाइले भेटाले चालल्या तुमी?" असं तिनं विचारलं आणि हसली. मी तिला मंगलाचं सांगितलं. ती म्हणाली, "हिंगनघाट तं इथून जवळ हाये. झाडाइच्या आंधी तिलेच भेटा ना." मी कपड्यांच्या घड्या घालायला लागले.

दुसरा दिवस: वर्धा, आर्वी, कारंजा

जाणाऱ्यांसाठी माहिती: वर्धा ते आर्वी एसटी भरपूर आहेत, दीडेक तास लागतो. आर्वीहून कारंजा (घाडगे) साठी दुसरी बस धरावी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे बसमध्ये आमचंच राज्य होतं. ज्यांची स्वतःची गाडी आहे ते नागपूर-अमरावती महामार्गानं थेट कारंजाला येऊ शकतात. पण मग आर्वीच्या स्टँडवरचा आलूबोंडा चुकेल.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती. एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बायका कपाशीच्या झाडाला हळदकुंकू लावत होत्या, दहीभाताचा घास ठेवत होत्या. कापसाच्या पहिल्या वेचणीआधीची ही पूजा मी किती वर्षांत पाहिली नव्हती. बस पुढे गेली तरी मी मान वळवून बघत राहिले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचं वावर हाये का थे?" मी नाही म्हटलं. "मंग काऊन एवढं पाहून राह्यल्या?" पुन्हा तोच काऊन, म्हणजे 'का'. या प्रवासात मला सगळ्यांनी हाच एक प्रश्न विचारायचं ठरवलं होतं बहुतेक.

कारंजाच्या आसपास संत्र्याच्या बागा सुरू होतात. रस्त्याकडेला ढीग लावून विकत बसलेले असतात, जरूर घ्या आणि तिथेच सोलून खा. राहायला महामार्गालगत दोन-तीन साधी लॉज आहेत. खोली स्वच्छ होती, गरम पाणी बादलीनं मिळतं. जंगलात शिरायला वनखात्याची परवानगी लागते. मी ती महिनाभर आधी अर्ज करून घेतली होती. तुम्हीही घ्या, आणि एकट्यानं अजिबात जाऊ नका. या पट्ट्यात वाघ आणि बिबट्याची ये-जा असते. माझ्यासोबत वनरक्षक असणार होते, दोन महिन्यांपूर्वीच बदलून आलेले. फोनवर त्यांनी विचारलं, "मॅडम, चौकोन म्हणजे नेमकं काय बघायचंय?" मी पाच मिनिटं समजावलं. ते म्हणाले, "बरं, बूट घालून या."

संध्याकाळी लॉजच्या खिडकीतून डोंगराची कड दिसत होती. फार उंच नाहीत आमचे डोंगर. सह्याद्रीच्या माणसानं बघितलं तर टेकड्या म्हणेल. पण मी खिडकीशी खुर्ची ओढली आणि अंधार पडेपर्यंत ती कड बघत बसले. चोवीस वर्षं मी त्या डोंगराबद्दल बोलत होते आणि एकदाही इकडे फिरकले नव्हते.

तिसरा दिवस: डोंगर

सकाळी सातला जीप निघाली. पाऊण तासात पायथ्याचं गाव लागलं. आम्ही विद्यार्थिनी असताना या गावातले खुशालकाका आम्हाला जंगल दाखवायचे. ते गवळी, पांढऱ्याशुभ्र गवळाऊ गाई पाळणारे. झाडाची साल बघून नाव सांगायचे, आणि आम्ही पुस्तकात बघून ते बरोबर निघालं की आनंदानं टाळ्या वाजवायचो. घरी चौकशी केली. सून म्हणाली, "मामाजी पहाटीच गेले गाई घेऊन. खोऱ्याकडे भेटतीन." काका हयात आहेत, आणि अजून गाई घेऊन डोंगर चढताहेत, हे ऐकून मला एकदम हलकं वाटलं.

चढण सुरू झाली. पायथ्याला ऐन आणि मोह. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी फुटलेली असते, ते झाड कुणीही ओळखेल. मग बांबूची बेटं, मग साग. सागाची मोठाली पानं कडेनं वाळू लागली होती, त्यांना किड्यांनी जाळीदार करून टाकलेलं. मधूनमधून धावडा, त्याची पानं तांबूस व्हायला लागलेली. कुसळी गवत गुडघ्याच्या वर होतं आणि चालताना त्याची कुसळं माझ्या सलवारीत शिरत होती. ही तक्रार नाही. फोनवर वनरक्षकांनी बुटांचं बजावलं होतं, सलवारीचं नव्हतं. माथ्याजवळ सालई दिसली. तिच्या सालीचे कागदासारखे पापुद्रे निघतात. मी एक पापुद्रा हातात घेतला आणि सोडून दिला. मंगला असती तर त्याचा वास घेतला असता. तिचं सगळं नाकावर चालायचं.

खोऱ्याच्या तोंडाशी आलो. माझ्या वहीत खुणा होत्या: मोठा दगड, त्याच्या डावीकडे दोन फांद्यांचा बेहडा. दगड होता. बेहडाही होता, खूप जाडजूड झालेला. आम्ही तेव्हा चौकोनांच्या कोपऱ्यांवरच्या झाडांना पिवळ्या रंगाचे ठिपके दिले होते. ते टिकले असतील अशी आशा नव्हतीच. मी एकतिसाव्या चौकोनाच्या पहिल्या कोपऱ्याकडे वळले आणि जागीच थांबले.

कोपऱ्यावरच्या सागाला लाल पट्टा होता. ताजा. छातीच्या उंचीवर, बुंध्याभोवती पूर्ण. पुढच्या झाडाला तसाच. त्यापुढच्याला तसाच.

लाल पट्टा म्हणजे तोड, एवढं मला कळत होतं. तोडायची झाडं खूण करून ठेवतात. इतक्या वर्षांनी यावं आणि कुऱ्हाडीच्या आठवडाभर आधी पोचावं. मी वनरक्षकांना विचारलं, "हे कापणार आहात तुम्ही?"

ते माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. "मॅडम, आमचं मार्किंग नाही हे. आमचं असतं तर नंबर असता, हातोड्याचा ठसा असता. हे कोणी दुसऱ्यानंच केलंय." त्यांनी मोबाइल काढला आणि पटापट फोटो घ्यायला लागले. "सागचोरांचं काम. माझी बीट आहे, माझी हद्द, माझ्यावर येणार हे." आम्ही दोघं झाडाझाडाकडे धावत होतो, ते फोटो काढत, मी मोजत. सोळा झाडं झाली. चार चौकोन, चार-चार कोपरे. पण तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. माणूस घाबरला की चार चोक सोळाही आठवत नाही.

खालून गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या आणि मागोमाग काका वर आले. पाठ जरा वाकलेली, डोक्याला तेच पांढरं फडकं. वनरक्षकांनी नमस्कार न करताच विचारलं, "काका, हे लाल पट्टे कोणी मारले? खरं सांगा."

काकांनी आमच्याकडे बघितलं. मग तोंडावर हात ठेवून हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला. "अवो साहेब, थे कटाईचं नाई. गेरू हाये तो. पान्यानं धुऊन जाते. चौकोनवाल्या बाईचं काम हाये थे."

"कोण चौकोनवाली बाई?" वनरक्षक म्हणाले.

काका माझ्याकडे वळले. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग म्हणाले, "तुमी नाशकाच्या ना? तिच्या जोडीदारीन? तुमाले नाई मालूम? दरसाली येते ना थे. दिवाळी झाली का दोन दिस येते, मोजते, लिवते, गेरू लावते आन् जाते. आत्ताच तं येऊन गेली, आठ दिस झाले."

मी तिथल्या दगडावर बसले. मंगला. कापडाच्या दुकानातली मंगला. तिचं लग्न झालं त्या वर्षापासून ती येत होती, काका सांगत होते. दोन वर्षं चुकली, पोरं झाली तेव्हा. पहिली काही वर्षं तिचा नवरा सोबत यायचा. मग तो म्हणाला, तू जा बापा, मले दुकान हाये. कुणी तिला पैसे देत नव्हतं, कुठे छापून येणार नव्हतं. नुसती येत होती.

"माझ्याबद्दल काही बोलते का?" मी विचारलं. विचारू नये ते विचारलं.

"पह्यले पह्यले म्हने, माह्यी जोडीदारीन नाशकाले हाये, येईन कवातरी. आता नाई म्हनत." काकांनी गाईला हाक मारली, ती बांबूकडे वळत होती. मग परत माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी काऊन नाई आल्या हो बाई?"

बसमधल्या बाईला उत्तर दिलं नाही ते चाललं. काकांना द्यायला हवं होतं. मी म्हटलं, "भीती वाटली, काका." त्यांनी मान डोलावली. गुरं राखणाऱ्या माणसाला भीतीचं काही नवल नसावं.

वनरक्षकांनी मोबाइलमधले फोटो काढून टाकले. "सरकारी झाडाला रंग लावणं तसं चालत नाही," असं ते दोनदा म्हणाले आणि तिसऱ्यांदा म्हणण्याऐवजी त्यांनी माझी मोजायची टेप उलगडायला मदत केली. काकांनी दुसरं टोक धरलं. मी काही सांगायच्या आत ते बरोबर कोपऱ्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "ताना बाई, ढिलं हाये. कोपरा काटकोन पायजे." हे त्यांना कुणी शिकवलं असेल ते सांगायला नको.

आणि मग मी बघायला लागले.

एकतीस. मी कळम म्हणून लिहिलेली पाच झाडं. वर बघितलं तर त्यातली चार हळदू होती. हळदूचं पान रुंद, देठाशी खाच पडलेलं, पानं असताना पोरालाही ओळखता येईल. एप्रिलात दोन्ही उघडी होती आणि मी सालीवरून एका रांगेत सगळ्यांना कळम करून मोकळी झाले होते. खाली जमीन दिसतच नव्हती. रानहळदीची लांब पानं पिवळी पडून एकमेकांवर कलली होती, चौकोनभर. दगडांच्या सांदीत नेचे होते. एवढ्या कोरड्या डोंगरात नेचे! खोऱ्यात दुपारी बारालाही ऊन तिरकं येत होतं आणि पायाखालची माती दमट होती. मी एक पान ओढलं, गड्डा निघाला, मोडला. वास तोच. बत्तीस तसाच. तेहतीसही तसाच, वर पळसवेल चढलेली.

मंगला बरोबर होती. हे वेगळं जंगल होतं, सहावं. मला वाटलं होतं की हे कळल्यावर मला फार वाईट वाटेल. वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त मला ती तिथे हवी होती. तिनं मोठ्यानं नावं ओरडावीत, खोऱ्यातून आवाज परत यावा आणि मी घाईनं लिहावं, एवढंच हवं होतं. मी चुकले होते ते मान्य करायला समोर कुणी नव्हतं. काका होते, पण त्यांना त्याचं काय.

राहिला चौतिसावा. तो खोऱ्याच्या वरच्या काठावर येतो. तिथे पोचले आणि गोंधळले. साग, धावडा, लेंडिया, कुसळी गवत. ऊन सरळ पडत होतं. हळदू एकही नाही. चार ठिकाणी उकरून पाहिलं, गड्डा नाही. हा चौकोन साधा होता, उताराच्या बाकी जंगलासारखाच. म्हणजे चारांतला एक मी बरोबर लिहिला होता. मी दोनदा मोजलं. मग वही मिटली. खरं सांगायचं तर तो चौकोन मला नकोसा वाटला. माफी मागायला निघालेल्या माणसाला असं मधेच थोडंसं बरोबर निघणं अडचणीचं असतं. तिला सांगताना चारही तुझेच म्हणून सांगावं, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

जेवायला काकांनी घरी नेलं. ज्वारीची भाकर, तुरीच्या डाळीचं वरण, मिरचीचा ठेचा आणि पेलाभर दूध. दुधाला त्या गवताचा वास होता. निघताना मी मंगलाचा नंबर मागितला. काकांच्या मोबाइलमध्ये ती 'चौकोनवाली बाई' म्हणूनच होती. सुनेनं नंबर सांगितला, मी लिहून घेतला.

चौथा दिवस: परत

कारंजाहून आर्वी, आर्वीहून वर्धा, त्याच दोन बस, उलट्या दिशेनं. वर्ध्याच्या स्टँडवर हिंगणघाटची गाडी उभी होती, जागाही होती. कंडक्टर ओरडत होता. मी पाच मिनिटं तिच्या समोर उभी राहिले. मग रिक्षा केली आणि स्टेशनवर गेले. यात काही शहाणपण नाही. जी बाई चोवीस वर्षं घाबरली ती एका दिवसात शूर होत नाही. वहिनीनं फोनवर विचारलं, "भेटल्या का?" मी म्हटलं, झाडं भेटली. तिनं फोन ठेवून दिला.

नाशिक

परत येऊन आठवडा झाला. तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर थोडं सांगते. आमच्या जिल्ह्याचं जंगल बघायला लोक उन्हाळ्यात जातात, कारण तेव्हा जनावरं पाण्यावर दिसतात. झाडांसाठी मात्र दिवाळीच्या पुढेमागे जा. पानं असतात, चिखल नसतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कुसळांसाठी सलवार किंवा पँट मोज्यात खोचा. डिंकासाठी सालईला चाकू लावू नका. आणि कुठल्याही झाडाला लाल पट्टा दिसला तर आधी गावात विचारा.

बरोबर काय आलं? कपड्यांतली कुसळं अजून निघताहेत. वहीत चार पानं भरली. आणि एक असं झालं की मला पाच गटांचं चित्र आता काढता येत नाही. परवा एका वर्गाला उजळणी घेताना मी सरळ सांगितलं की सहावा आहे, तो माझ्या मैत्रिणीनं ओळखला आणि मी तो दडवला. कुणीतरी विचारलं, "मग मॅडम, तिला सांगितलं का?"

शेवटी काल दुपारी, कॉलेजमधून आल्या आल्या, चप्पलही न काढता फोन लावला. मागे दुकानाचा आवाज होता, कुणीतरी साड्या दाखवत होतं. "हॅलो," ती म्हणाली. मी नाव सांगितलं. दुकानाचा आवाज मागे पडला, ती बाहेर आली असावी.

मी पाठ केल्यासारखं सगळं एका दमात बोलले. की मी गेले होते. की पानं असताना बघितलं. की हळदूला मी कळम लिहिलं होतं. की तुझी ओळ मी गाळली, मुद्दाम गाळली, लग्नाची घाई हे निमित्त होतं, खरं म्हणजे तुझं बरोबर निघेल याचीच भीती होती. की चारही चौकोन तुझेच होते, मंगला. चारही.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "चार नाई वं. तीनच."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काय?"

"चौतीस माह्या नाई. म्या दरसाली उकरून पाह्यला. एकबी गड्डा नाई त्यात. थो साग-धावड्यातच बसते, तू लिवला होता तसाच." तिचा आवाज शांत होता. वही समोर नसतानाही ती आकडा न चुकता सांगत होती. "माह्या वहीत म्या तसंच लिवून ठेवलं हाये, पह्यल्या सालापासून. चौतिसाच्या पुढे तुहं नाव हाये."